ऑर्व्हलचे सापळे

२१ नोव्हेंबर १९७८

आज पहिला कायोटी मारला. मारला म्हणजे ऑर्व्हलनं मारला, मी बघत होतो.

लांडग्याचा तो धाकटा भाऊबंद सेजच्या झुडपाआड पुढचा पाय अडकून बसला होता. आम्हाला बघून उठला, साखळी ताणली आणि जमिनीला पोट लावून पडला. ऑर्व्हल म्हणाला, "खाणवाल्या, त्याच्या डोळ्यांत काय बघतोस? पायाकडे बघ. सापळा कुठे बसलाय ते शिक." मला पाय दिसलाच नाही. तो मला भीत होता आणि मी त्याला. ऑर्व्हल मधे उभा राहून तंबाखू चघळत होता.

ऑर्व्हल म्हणजे माझ्या बायकोचा, मार्लिसचा, थोरला भाऊ. लग्न केलं नाही. आमच्याच अंगणात ट्रेलरमध्ये राहतो आणि मिसरूड फुटल्यापासून पावडर नदीच्या या घळींमध्ये सापळे लावतो. उन्हाळ्यात कोळशाची खाण बंद झाली तेव्हा तो म्हणाला, "हिवाळाभर माझ्याबरोबर चल." यंदा कायोटी आणि बॉबकॅटच्या कातड्यांना कधी नव्हे ती मागणी आहे म्हणे. मी हो म्हणालो. जमिनीखाली इतकी वर्षं काढली, तिथे कधी भ्यालो नाही. इथे उघड्यावर भीती वाटते हे मार्लिसला सांगितलेलं नाही. म्हणून ही वही.

२ डिसेंबर

काल बॉबकॅटचा, म्हणजे इथल्या रानमांजराचा, मोसम उघडला. सापळे जुनिपरच्या सालीबरोबर उकळायचे, म्हणजे लोखंडाचा वास जातो. हातमोज्याशिवाय हात लावायचा नाही. कायोटी नाकानं येतो, त्याला वास ठेवायचा. मांजर डोळ्यांनी येतं, त्याच्यासाठी पक्ष्याचं पीस दोऱ्यानं टांगायचं. वाऱ्यावर ते हललं की ते बघायला येतं. "म्हणजे कुतूहलानं मरतं," मी म्हणालो. ऑर्व्हल म्हणाला, "तुझ्यासारख्याला काही भ्या नाही मग."

९ डिसेंबर

बर्फ भुरभुरत होता. मी दक्षिणेकडचे सापळे बघितले, ऑर्व्हल एकटा उत्तरेला गेला. परत आला तो डाव्या हाताला रुमाल बांधून. काटेरी तारेत हात अडकला म्हणाला. मार्लिस साबण-पाणी घेऊन आली, पण दाखवायला तयार नाही. शेवटी तिनं मनगट धरून रुमाल सोडलाच. "तार इतकी खोल जाते?" ती म्हणाली. "जुनी तार आहे, गंजकी," तो म्हणाला आणि हात ओढून घेतला.

उत्तरेला एक कायोटी सापडला होता, पण खरजेनं गेलेला. कातडं कामाचं नाही म्हणून तिथेच पुरून आला. गोठलेल्या जमिनीत खड्डा खणत बसला, याचं मला नवल वाटलं. एरवी असलं काही तो कावळ्यांना सोडून देतो. फाटलेला हातमोजा चुलीत घातला. चांगला कातडी होता, शिवून चालला असता.

१७ डिसेंबर

नदीपलीकडच्या स्टॅनर्डच्या गाईला पिसाळलेला स्कंक, तो घाण फवारणारा पट्टेवाला प्राणी, चावला होता. गाय काल गेली. दोन दिवस हंबरत होती, भिंतीला डोकं आपटत होती. तालुक्यात आणखी दोन स्कंक सापडलेत. मार्लिस हे सगळं जेवताना सांगत होती. ऑर्व्हल ताटावरून उठून बाहेर गेला. इतकी जनावरं सोलणारा माणूस, पण आजाराचं नाव काढलं की त्याला चालत नाही.

मला मात्र झोप नाही. रोज आपण जनावरांच्या तोंडापाशी हात घालतो. उद्यापासून दोन-दोन हातमोजे.

१४ जानेवारी १९७९

आज मी एकट्यानं मांजर आणलं. मोठा बोका, पोटावर पांढऱ्यात काळे ठिपके. काठीचा फास दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. शेडमध्ये फळीवर कातडं ताणताना ऑर्व्हल मागे येऊन उभा राहिला. पोटाच्या केसांवर फुंकर मारून बघितली. "झालास तू," म्हणाला. "आता मी मेलो तरी चालेल."

मार्लिस म्हणाली, "तू मेलास तर हा पुन्हा खाणीत जाईल." तिघं हसलो. त्याच्या हाताची जखम भरली आहे. दोन गोल डाग राहिलेत फक्त.

आज भीती वाटली नाही असं लिहायला बसलो होतो. पण परत येताना घळीत वाटलं, मागून कोणीतरी चालतंय. वळून बघितलं, माझीच पावलं होती बर्फात.

३ फेब्रुवारी

डाव्या हातानं वही धरता येत नाही, तेव्हा जमेल तसं लिहितो.

दुपारी आम्ही दोघं वरच्या घळीत होतो. लख्ख ऊन होतं. समोरच्या खडकावरून एक मांजर उतरलं आणि सरळ आमच्याकडे चालत आलं. सापळ्यात नव्हतं, मोकळं होतं. बॉबकॅट असं करत नाही. माणूस दिसला की तो पुसल्यासारखा नाहीसा होतो. मला वाटलं पाळलेलं असेल, काहीतरी वेड्यासारखं वाटलं. मी उभाच राहिलो. त्यानं उडी मारली आणि माझ्या दंडाला चावून लोंबकळलं. आवाज केला नाही त्यानं. तेच सगळ्यात वाईट होतं.

मी त्याला खडकावर आपटलं. ते खाली पडलं, पुन्हा माझ्याकडे वळलं. मी बंदूक उचलली तर ऑर्व्हल ओरडला, "डोक्यात नको. डोकं शाबूत पाहिजे." आणि त्यानंच छातीत गोळी घातली.

मग तो जे वागला ते मी विसरणार नाही. माझा कोट फाडला, थर्मासमधलं सगळं गरम पाणी दंडावर ओतलं, ट्रकमधल्या साबणानं घासत राहिला. मी ओरडत होतो तरी थांबेना. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे," म्हणाला. मी म्हणालो, "घरी सांगून जाऊ." "घरी नंतर." मांजराचं मुंडकं पोत्यात, पोतं बर्फाच्या बादलीत.

माझ्यासाठी हा माणूस इतका घाबरेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

४ फेब्रुवारी

कालचं राहिलेलं. डॉक्टर हॉगननं जखमेभोवती जाड सुईनं औषध भरलं आणि पोटात पहिलं इंजेक्शन दिलं. आता तीन आठवडे रोज एक, पोटात. मार्लिसनं वृद्धाश्रमात काम केलेलं आहे, तेव्हा ती घरी देईल. मुंडकं तपासायला पाठवलं.

मी आडवा होतो तेव्हा ऑर्व्हल डॉक्टरांना विचारत होता. टोपी हातात, एखाद्या शाळकरी पोरासारखा.

"डॉक्टर, समजा एखाद्याला चावलं आणि त्यानं लगेच नाही घेतलं. महिना, दोन महिने गेले. मग?"

"मग लगेच घ्यावं. काही लक्षण दिसत नसेल तोवर उशीर झालेला नसतो."

"लक्षण म्हणजे?"

"चावलेल्या जागी मुंग्या येतात. खाज, झिणझिण्या. थोडा ताप."

"आणि ते सुरू झालं की?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "मग आमच्याकडे काही नाही," ते म्हणाले. "पण याचं तसं नाही. हा दोन तासांत आलाय. तुमच्या मेहुण्याला काही होणार नाही."

ऑर्व्हलनं टोपी घातली आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. परतीच्या वाटेत नुसता रस्ता बघत होता. मला राग आला. मला धीर द्यायचा सोडून असले प्रश्न कशाला विचारायचे? काल रात्रभर दंडाला मुंग्या येताहेत का ते बघत होतो. येताहेत असं वाटतं. सुईच्याही असतील.

५ फेब्रुवारी

मार्लिस स्वयंपाकघरात इंजेक्शन देते. मी टेबलावर आडवा होतो, शर्ट वर करतो, ती छतावरच्या डागाकडे बघ म्हणते. पोटावर अंड्याएवढ्या गाठी आल्यात. सुई काढल्यावर ती मोरीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली बराच वेळ.

ऑर्व्हल दारात उभं राहून बघत होता. डावा तळवा पँटवर घासत होता, सारखा. आत ये म्हटलं तर आला नाही.

७ फेब्रुवारी

फोन आला. मांजर पिसाळलेलंच होतं.

मार्लिसनं फोन ठेवला आणि मला मिठी मारली. मी तिला ढकललं. माझ्याजवळ येऊ नको म्हणालो. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले ना, तुला काही होणार नाही." डॉक्टरांचं पोट सुजलेलं नाही.

ऑर्व्हल सकाळी कॉफीला आला होता. कप उचलला, तोंडाशी नेला, आणि हात असा झटकला की सगळी कॉफी शर्टावर सांडली. "गरम आहे," म्हणाला. ओतून अर्धा तास झाला होता. मार्लिस पुन्हा ओतायला लागली तर उठून गेला. तीन दिवसांत धड जेवलेला नाही. माझ्या काळजीनं असेल. किंवा माझ्या टेबलावर बसायची किळस.

८ फेब्रुवारी

आज आमचं भांडण झालं.

मोसम संपायला आठवडा आहे, पण तो म्हणतो सगळे सापळे आजच उचलायचे. मी म्हणालो, घाई काय आहे? "उचलायचे म्हणजे उचलायचे," म्हणाला. दिवसभर पळत होता नुसता. प्रत्येक जागा मला बोटानं दाखवत होता, या खडकाखाली पाण्याची वाट आहे, इथे पुढच्या वर्षी लावू नकोस, तिथे लाव. मी म्हणालो, पुढच्या वर्षी तूच दाखव की. तर एकदम खेकसला. डोळे लाल झाले होते त्याचे.

ट्रकमध्ये मी खिडकीची काच जराशी खाली केली, तंबाखूच्या वासानं मला मळमळत होतं. तो असा दचकला, मान आखडून, जणू मी त्याला मारलं. "काच वर कर." मी म्हणालो, अरे, तूच बाराही महिने काच खाली ठेवून थुंकत जातोस. "वर कर म्हणतो ना." नंतर माफी मागितली. माझ्या बापजन्मात ऑर्व्हलनं कोणाची माफी मागितलेली मी ऐकलेली नाही.

उत्तरेकडचे दोन सापळे राहिले. अंधार पडला.

९ फेब्रुवारी

तो गेला. सकाळी उठलो तर ट्रेलर रिकामा. घळीच्या तोंडाशी मेंढपाळाचं जुनं खोपटं आहे, तिथे राहायला गेलाय. मार्लिसला दारातून एवढंच म्हणाला, "दोन-चार दिवस. तू येऊ नकोस." आत आला नाही. तिनं त्याच्या गालाला लावायला हात पुढे केला तर मागे सरला.

म्हणजे मी बरोबर ओळखलं होतं. त्याला माझी भीती वाटते. माझ्यापासून त्याला लागेल म्हणून पळाला. मला वाईट वाटलं, पण दोष देत नाही. मीही पळालो असतो माझ्यापासून.

११ फेब्रुवारी

मार्लिस काल हरणाच्या मटणाचा रस्सा घेऊन गेली होती. त्यानं दार उघडलं नाही. "तिथेच ठेव," आतून म्हणाला. आवाज बसलेला होता. आज ती पुन्हा गेली. डबा तसाच पायरीवर, गोठलेला. पाण्याची बादली दूर बर्फात फेकलेली. ती परत आली आणि माझ्यासमोर बसली.

"आर्लन, त्याला बरं नाहीये."

"तो मला भितोय, मार्लिस."

तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. "तू दिवसभर तुझा दंड बघत बसतोस," ती म्हणाली. "त्याचा हात बघितलास का या आठवड्यात?"

उद्या सकाळी जातो.

१२ फेब्रुवारी

लिहायला बसवत नाही, पण लिहिलं नाही तर डोक्यात फिरत राहील.

खोपट्याच्या खिडक्यांना आतून घोंगड्या लावलेल्या होत्या. फटींत चिंध्या कोंबलेल्या. दाराला बाहेरच्या बाजूला खिळ्यावर एक किल्ली टांगलेली होती, कुलपाची. दाराला कुलूप नव्हतं. मी किल्ली खिशात घातली आणि दार ढकललं.

दाराबरोबर वारा आत गेला. ऑर्व्हल कोपऱ्यात होता. वाऱ्याची झुळूक लागल्याबरोबर त्याची मान मागे खेचली गेली, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या झाल्या, श्वास अडकला. मला वाटलं गेला. मग सुटला. "दार लाव," म्हणाला.

मी लावलं. अंधारात डोळे सरावले तेव्हा दिसलं, त्याच्या घोट्याभोवती सापळ्याची साखळी होती. दुसरं टोक मधल्या खांबाला. दोन्हीकडे कुलूप. त्यानं स्वतःच घातलेलं.

"पुढे येऊ नको. तिथे बस. साखळी तिथपर्यंत येत नाही, मी बघितलंय."

मी बसलो. मला सगळं कळलं आणि तरी मी विचारलं, "काय झालंय तुला?"

तो हसल्यासारखं करायला गेला. लाळ गळत होती, ती बाहीनं पुसली. "तार नव्हती ती."

मग थांबत थांबत सांगितलं. डिसेंबरातला तो कायोटी सापळ्यात गप बसून होता. ना उडी, ना गुरगुर. थंडीनं गारठलाय असं ऑर्व्हलला वाटलं. फास न टाकता त्यानं हात घातला.

"सांगितलं का नाहीस?"

"पहिल्या दिवशी वाटलं, एवढं काय. लोक हसतील. सापळेवाल्याला कायोटी चावला." थुंकी गिळायला गेला आणि पुन्हा मान आखडली. मी खाली बघत राहिलो. "मग त्या गाईचं ऐकलं. तोवर आठवडा झाला होता. म्हटलं, आता उशीर झाला, आता सांगून काय? जखम भरतेय ना, विसरून जाऊ. विसरलोही. मग तुला चावलं."

"डॉक्टर म्हणाले ना, उशीर झालेला नसतो."

"हो. म्हणाले." त्यानं डावा तळवा भिंतीवर घासला. "तुला चावलं त्याच्या आदल्या दिवशीच सुरू झाल्या होत्या मुंग्या."

मी रडायला लागलो. त्यानं रडू दिलं. मग म्हणाला, "त्या डॉक्टरकडून आल्यापासून मार्लिसची भांडी वापरली नाहीत मी. सात तारखेचा तो कप तेवढा. तो फोडून टाक. आणि तिला इथे येऊ देऊ नको."

मी म्हणालो, तुला दवाखान्यात नेतो. तो म्हणाला, कशाला? मी म्हणालो, तिथे निदान झोपेचं औषध देतील. तेव्हा तो तयार झाला. "पण साखळी राहू दे," म्हणाला. "मधे मधे मी मी नसतो. काल मी त्या खांबाला चावलो."

खांबावर दातांच्या खुणा होत्या. मी घाबरलो होतो, खोटं कशाला लिहू. कुलूप खांबाकडचं काढलं, घोट्याकडचं ठेवलं. साखळीचं टोक हातात धरून त्याला बर्फातून ट्रककडे नेलं. कोट त्याच्या तोंडावरून टाकला होता, वारा लागू नये म्हणून. तो आंधळ्यासारखा माझ्यामागे येत होता. ट्रकच्या पाठीमागे ताडपत्रीखाली त्याला झोपवलं. वाटेत तो बडबडत होता. लहानपणीची मार्लिस, नदीवरचा बर्फ. काच खाली ठेवून मी गाडी चालवत होतो आणि मला त्याचा आवाज यायचा थांबला की भीती वाटायची, सुरू झाला की भीती वाटायची.

१४ फेब्रुवारी

मार्लिसलाही इंजेक्शनं सुरू केली, तो कप तिनं हातानं धुतला होता म्हणून. काचेतून भाऊ दाखवला तिला. जवळ जाऊ दिलं नाही. ती काचेवर कपाळ टेकवून उभी होती. मी तिला घरी चल म्हणालो नाही.

काल दुपारी तो थोडा वेळ शुद्धीवर होता. नर्सला म्हणाला, आर्लनला सांगा, उत्तरेकडचे दोन राहिलेत. जनावर उगाच अडकून पडेल.

आज गेलो. पहिला रिकामा होता. दुसऱ्यात मांजर होतं, जिवंत. कान मागे, दात बाहेर, साखळी ताणून फिस्कारत होतं. मला माहीत आहे की निरोगी मांजर असंच करतं. माहीत असूनही पाय उचलेना. ट्रकमध्ये जाऊन बसलो. इंजिन चालू ठेवलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग काच थोडी खाली केली आणि तिथूनच गोळी घातली. एकीनं भागलं नाही. कातडं काढलं नाही. सापळा उपटला, साखळीसकट नदीच्या बर्फातल्या भोकात टाकला.

१६ फेब्रुवारी

ऑर्व्हल पहाटे गेला. झोपेत होता म्हणे. मी नर्सला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, झोपेतच.

४ मार्च

माझी इंजेक्शनं मागेच संपली. मार्लिसची अजून चालू आहेत, पुढची उद्या.

दफनाला बरीच माणसं आली होती. आमच्यापासून दोन पावलं लांब उभी होती. दुकानातला लिंडक्विस्ट सामानाची पिशवी हातात न देता ओट्यावर ठेवतो. वाईट माणूस नाही तो. मी त्याच्या जागी असतो तर तसंच केलं असतं.

डॉक्टर म्हणतात, आता विसरा. वर्षभर काही झालं नाही म्हणजे नाही. वर्षभर.

रोज सकाळी उठलो की आम्ही मोरीपाशी उभं राहतो. आधी मी ग्लासभर पाणी पितो. मार्लिस माझ्या गळ्याकडे बघत असते. मग ती पिते आणि मी बघतो. याबद्दल आम्ही बोललेलो नाही, आपोआप सुरू झालं.

आज तिनं अर्ध्यावर ग्लास खाली ठेवला. मी तिच्याकडे बघत राहिलो. ती खिडकीबाहेर बघत होती, ट्रेलरकडे.

"काय झालं?" मी विचारलं.

"गार आहे फार."

मी मोरीचा काठ धरून उभा होतो. तिनं माझा हात बघितला, मग ग्लास उचलला आणि माझ्याकडे तोंड करून, सावकाश, उरलेलं सगळं पाणी प्याली.